तारतम्य आणि अजमास : मुंबईतील हिशेबतपासणीच्या इतिहासातील काही प्रकरणे

प्रतिवर्षी आपली सर्वसाधारण सभा भरते, चिटणीस अहवाल वाचतात आणि पाठोपाठ तपासलेले हिशेब सभेपुढे मांडले जातात. त्या वेळी सभागृहात काय घडते हे सभासदांस ठाऊकच आहे. मागील रांगांत बालबच्चांची चुळबुळ सुरू झालेली असते, स्वयंसेवक चहाची तयारी करीत असतात, आणि खजिनदारांचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच कोणीतरी "मंजूर, मंजूर" असा घोष करतो. ह्यात कोणाचाच दुष्ट हेतु नसतो. तपासनीसाने सही केली आहे, त्या अर्थी आणा-पैपर्यंत सारे पाहिले गेले असणार, अशी आपली श्रद्धा असते. ही श्रद्धा अर्धी खरी आहे. जगातील कोणताही तपासनीस प्रत्येक पावती पाहत नाही आणि पाहू शकत नाही. मग काय पाहावयाचे व काय सोडावयाचे हे तो कशाच्या आधारे ठरवितो? ह्या एका प्रश्नाचा मुंबईच्या इतिहासाशी फार जवळचा संबंध आहे. सभासद-कुटुंबांस तो कळावा, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

तपासणीच्या आरंभी तपासनीस दोन गोष्टी मनाशी ठरवितो. पहिली, केवढी चूक झाली असता हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल. हिला इंग्रजी परिभाषेत मटीरिअ‍ॅलिटी म्हणतात. आम्ही तिला आपल्या भाषेतील 'तारतम्य' हाच शब्द योजतो. दुसरी, हिशेबाची वही उघडण्यापूर्वी, बाहेरच्या माहितीवरून आकडा काय असावयास हवा ह्याचा अंदाज बांधणे आणि मग वहीतील आकडा त्याच्याशी ताडून पाहणे. हिला अ‍ॅनॅलिटिकल प्रोसीजर म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरातील 'अजमास' हा शब्द तिला चांगला शोभतो.

शब्दच नव्हे, पद्धतीही आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत हंगामाच्या आरंभी हुजूर दप्तरातून कमाविसदाराच्या हाती बेहेडा, म्हणजे अंदाजपत्रक दिले जाई, आणि त्याने आणलेला हिशेब त्या बेहेड्याशी ताडला जाई. मजमूदार हिशेब तपाशी व नंतर ते फडणिसाकडे जात. परंतु ह्या व्यवस्थेस कीड कशी लागली, तेही नमूद केले पाहिजे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांच्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात 'दरबारखर्च' ह्या बाबीची हकीकत आहे. ही रक्कम मुळात कारभारी व हिशेब तपासणारे ह्यांस गुप्तपणे द्यावयाची लाच होती. कालांतराने ती ठरलेली दस्तुरी बनून उघडपणे खर्चात पडू लागली आणि इतर खर्चाप्रमाणे तिचीही रीतसर तपासणी होऊ लागली. मग तपासणाऱ्यांस द्यावयास दुसरी गुप्त रक्कम लागू लागली! चूक दरवर्षी तेवढीच असली की ती चूक वाटेनाशी होते. मागील वर्षाचा आकडा हाच ह्या वर्षीचा अजमास धरला म्हणजे केवढा धोका संभवतो, हे ह्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

आता मुंबईकडे वळू. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. ह्या पैशाच्या पुराने मुंबईत शेअरांचे वेड माजले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी बॅक बे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागास कित्येक पट अधिक किंमत येऊ लागली. १८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेसारख्या सरकारी भागभांडवल असलेल्या प्रतिष्ठित पेढीने ह्याच शेअरांच्या तारणावर, आणि काही वेळा नुसत्या नावावर, थोड्याच लोकांस अफाट कर्जे दिली. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला आणि मुंबईची श्रीमंती ओसरली. १८६८ साली ती बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. भागधारकांच्या वसूल भांडवलाचा बहुतांश नाहीसा झालेला होता.

ह्या प्रकरणात हिशेबतपासनीसासाठी एक सूक्ष्म धडा आहे. तारण शेअरचे, शेअरचा भाव बाजाराचा, आणि बाजार ह्याच बँकेच्या कर्जावर फुगलेला! अशा वेळी वहीतील तारणाची किंमत बाजारभावाशी ताडली तर ती तंतोतंत जुळेल. अजमास ज्या माहितीवर बांधावयाचा ती माहिती तपासावयाच्या व्यवहारापासून स्वतंत्र असावी लागते. नाहीतर आरशात पाहून आपणच आपली साक्ष काढण्यासारखे होते. कर्जदार किती, एकेकाकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा, आणि त्यांचे उत्पन्न काय, हे प्रश्न त्या वेळी विचारावयास हवे होते. दीडशे वर्षांनंतरही सहकारी बँकांच्या बाबतीत हेच प्रश्न विचारण्याची पाळी आली, हे पुढे दिसेलच.

शेअरांचे वेड ओसरले, पण गिरण्या वाढल्या. १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी ताडदेवास पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी हा भाग धुराड्यांनी भरून गेला. ह्या गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे आणि आरंभी त्यांचे कमिशन नफ्यावर नसून तयार मालाच्या दर रतलास पाव आणा ह्या हिशेबाने ठरे. म्हणजे गिरणीस तोटा झाला तरी माल जितका अधिक, तितकी एजंटाची मिळकत अधिक. अशा ठिकाणी कोणता आकडा फुगण्याचा संभव आहे, हे तपासनीसाने वही उघडण्यापूर्वीच ओळखावयास हवे. ह्यासच तपासणीचे नियोजन म्हणतात.

गिरणीच्या बाबतीत अजमास बांधणे मोठे सोपे असे. मुंबईची कापसाची खंडी ७८४ रतलांची. समजा, वर्षभरात १०० खंडी कापूस पिंजला गेला. म्हणजे ७८,४०० रतल. त्यात शेकडा १५ घट धरली तर सूत ६६,६४० रतलांच्या आसपास निघावयास हवे. वहीत ७५,००० रतल दाखविले असेल तर एक तर कापसाची खरेदी लपविली आहे, नाहीतर सूत कागदावरच कातले गेले आहे. साच्यावरील कामगारासही हे गणित कळे. परंतु कायद्याच्या पंडितांस ते मान्य होण्यास काळ लागला. इंग्लंडातील हल शहरी किंगस्टन कॉटन मिल नावाची गिरणी होती. तिच्या व्यवस्थापकाने वर्षानुवर्षे शिलकी मालाची किंमत फुगवून दाखविली आणि नसलेल्या नफ्यातून लाभांश वाटले गेले. तपासनिसांनी व्यवस्थापकाच्या दाखल्यावर भिस्त ठेविली होती. आरंभीची शिल्लक, वर्षाची खरेदी आणि वर्षाची विक्री ह्यांची बेरीज-वजाबाकी केली असती तर लबाडी उघडी पडती. तथापि १८९६ साली तेथील अपील न्यायालयाने तपासनिसांस दोषमुक्त केले. तपासनीस हा राखणीचा कुत्रा असतो, वास काढीत माग घेणारा शिकारी कुत्रा नव्हे, हा सुप्रसिद्ध दृष्टांत त्याच निकालातला. हा दृष्टांत आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी पाठ केला. पुढे १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स ह्या कंपनीच्या वहीतील कोट्यवधी डॉलरांचा औषधी माल अस्तित्वातच नाही असे उघडकीस आले, आणि तेव्हापासून शिलकी माल प्रत्यक्ष पाहण्याचा दंडक पडला. राखण करणाऱ्यानेही दाराशी काय ठेवले आहे ते पाहिलेच पाहिजे, हे तत्त्व इतक्या उशिरा रूढ झाले.

मुंबईत ह्या विद्येची पद्धतशीर जोपासना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात झाली. १९१३ च्या कंपनी कायद्याने तपासनिसाची पात्रता ठरविली. त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेज निघाले. १९१८ साली मुंबई सरकारने अकाउंटन्सीची सरकारी पदविका, म्हणजेच पुढे घरोघर परिचित झालेली 'जी. डी. ए.', सुरू केली. १ जुलै १९४९ पासून चार्टर्ड अकाउंटंटांची अखिल भारतीय संस्था अस्तित्वात आली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षपदाचा मान मुंबईच्याच जी. पी. कापडिया ह्यांस मिळाला.

ह्याच काळात ज्ञातिसंस्थांच्या पोटी पतसंस्था जन्मास येत होत्या, ही गोष्ट आपणा सर्वांस विशेष जिव्हाळ्याची आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर दोनच वर्षांनी, २७ डिसेंबर १९०६ रोजी, श्रीपाद सुब्बराव तलमकी ह्यांनी आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली. १४ सप्टेंबर १९१८ रोजी सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकिंग सोसायटी स्थापन झाली. महायुद्धाने महागाई झालेली, मुलीचे लग्न वा घरातील आजारपण आले की गिरगावातील कारकुनास सावकाराचे घर गाठावे लागे. त्या अडचणीवरचा हा तोडगा होता. कर्ज घेणारा ओळखीचा, जामीन ओळखीचा, संचालकही ओळखीचे. ही ओळख हे ह्या संस्थांचे मोठे बळ होते. पण ओळखीच्या माणसास प्रश्न विचारण्याची भीड पडते, हे जाणूनच की काय, १९१२ च्या सहकारी कायद्याने प्रत्येक संस्थेची वर्षातून निदान एकदा तपासणी करण्याचे काम रजिस्ट्रारावर सोपविले. थकलेल्या कर्जांची छाननी आणि मालमत्ता व देणी ह्यांचे मूल्यमापन हे त्या तपासणीचे अंग म्हणून कलमातच लिहिले. नुसती बेरीज बरोबर आहे की नाही एवढे पाहून भागणार नाही, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांस उमगले होते.

आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा लागू झाला. त्याअन्वये तपासनिसास केवळ आकडे नव्हे, तर अनियमित वा अनुचित खर्च, वसूल न केलेली येणी, विश्वस्तांची हयगय हेही कळवावे लागते. १९५१ च्या नियमांत एक प्रश्न आहे: ५,००० रुपयांवरील दुरुस्तीस वा बांधकामास निविदा मागविल्या होत्या काय? तारतम्य कायद्यात आकड्याने कसे लिहिले जाते, त्याचा हा नमुना होय. त्या काळी ५,००० रुपयांत इमारतीचे मोठे काम होई. हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच छापला जात राहिला आणि पुढे एका खोलीची रंगसफेदीही त्या मर्यादेपलीकडे गेली. तारतम्याची मर्यादा एकदा ठरवून खुंटीला टांगून ठेवावयाची वस्तु नव्हे. ती दरवर्षी नव्याने ठरवावी लागते.

आज तपासनिसांस ह्या बाबतीत लेखी मानके आहेत. तारतम्याविषयी मानक क्रमांक ३२० आणि अजमासाविषयी क्रमांक ५२०. आपल्यासारख्या नफा न मिळविणाऱ्या संस्थेसाठी एकूण उत्पन्नाचा वा खर्चाचा शेकडा १ हा एक मापदंड उदाहरणादाखल सांगितला जातो. समजा, एखाद्या मंडळाचा वार्षिक खर्च ४० लक्ष रुपये आहे. मर्यादा झाली ४०,००० रुपये. परंतु लहान लहान चुका मिळून मोठी चूक होते, म्हणून प्रत्यक्ष काम करताना तपासनीस ती आणखी खाली, उदाहरणार्थ ३०,००० वर आणतो. आता अजमास बांधू. सभासद १,२००, वर्गणी ३०० रुपये. जमा ३,६०,००० असावयास हवी, वहीत ३,०५,००० आहे. तफावत ५५,००० ची. ही मर्यादेबाहेर, तेव्हा पावतीपुस्तके मागवावयाची, कोरी पावतीपुस्तकेही मोजावयाची. मुदत-ठेवी ३० लक्ष, व्याज शेकडा ७. २,१०,००० यावेत, आले २,०२,०००. तफावत ८,००० ची, आणि एक ठेव मध्येच मुदत संपून काही दिवस तशीच पडून राहिल्याचे दिसते. येथे अधिक वेळ दवडण्याचे कारण नाही. मंगल कार्यालय असेल तर पंचांग उघडावे, लग्नमुहूर्त मोजावे, भाड्याच्या पावत्यांशी ताडावे आणि त्या महिन्यांच्या विजेच्या बिलाकडेही पाहावे. कीर्द लिहिणारा कीर्दीत काहीही लिहू शकतो. पंचांगातील मुहूर्त व विजेचा मीटर त्याच्या लेखणीच्या आटोक्यात नसतात.

तथापि, सगळे तारतम्य रुपयांत मोजता येत नाही. कोणा मातेने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ठेव दिली आहे आणि तिच्या व्याजातून २,००० रुपयांची शिष्यवृत्ती दरवर्षी दिली जाते. त्या नावाचा विद्यार्थीच नाही असे आढळले, तर ती रक्कम चाळीस हजारांच्या विसाव्या हिश्शाइतकीच आहे म्हणून सोडून द्यावयाची काय? मुळीच नाही. मानकेही हेच सांगतात की, चुकीचा आकार पाहावा तसा तिचा प्रकारही पाहावा. विश्वासाने दिलेल्या दोन हजारांची अफरातफर ही गफलतीने चुकलेल्या वीस हजारांच्या बेरजेपेक्षा गंभीर होय.

हे सारे पुस्तकी वाटेल, म्हणून आपल्या शेजारचेच एक उदाहरण देतो. १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. १९७७ साली तिचे नाव न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाले. तिचे मुख्य कार्यालय प्रभादेवीस. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी तेथे जाऊन तिजोरीतील रोकड प्रत्यक्ष मोजली, आणि प्रभादेवी व गोरेगाव येथील मिळून सुमारे १२२ कोटी रुपये कमी आढळले. १३ फेब्रुवारी रोजी बँकेवर निर्बंध आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पेन्शन, घरभाडे, औषधपाणी ह्यांचे पैसे आत आणि माणसे बाहेर, असे ते दृश्य होते. पंचवीस हजारांपर्यंत रक्कम काढण्याची मुभा मिळण्यास २७ तारीख उजाडावी लागली. पोलिस-तपासात जी माहिती प्रसिद्ध झाली तीनुसार प्रभादेवीच्या तिजोरीत सुमारे १० कोटींचीच रोकड मावण्याजोगी होती. कोण दोषी हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे. त्याविषयी आम्ही एक अक्षरही लिहीत नाही.

आम्हास येथे फक्त दोन हिशेब मांडावयाचे आहेत. पहिला तारतम्याचा. मार्च २०२४ अखेर बँकेच्या ठेवी सुमारे २,४३६ कोटी होत्या आणि त्या वर्षाचा तोटा २२.७८ कोटी. १२२ कोटी म्हणजे ठेवींच्या शेकडा ५ आणि वर्षाच्या तोट्याच्या पाचपटीहून अधिक. कोणत्याही मापाने ही बाब पहिल्या दिवशी, स्वतः उभे राहून तपासण्याची होती. दुसरा हिशेब अजमासाचा. रोकड शिलकेवर व्याज मिळत नाही. मग तोट्यात चालणारी बँक एवढी रोकड घरात का ठेवील? आणि तिजोरीची लांबी, रुंदी व उंची ठाऊक असता तीत किती नोटा मावतील, हे काढण्यास पदवीची काय गरज? घरातील गृहिणी तांदळाचा डबा पाहून त्यात किती शेर मावेल हे बिनचूक सांगते. हा साधा प्रश्न वेळीच विचारला गेला असता, तर वहीतील आकडा आणि भिंतीआडची जागा ह्यांचा मेळ बसत नाही हे कळून येते.

४ ऑगस्ट २०२५ पासून ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. १९१८ साली एका ज्ञातीच्या अडल्यानडल्या कुटुंबांसाठी निघालेल्या संस्थेने कामगारांच्या बँकेच्या ठेवीदारांचा भार उचलला, ही मुंबईच्या सहकाराच्या इतिहासातील समाधानाची नोंद होय. सर्वांच्या नशिबी असा शेवट येत नाही. १९१५ सालापासून चालत आलेल्या सी. के. पी. को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना एप्रिल २०२० अखेर रद्द झाला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांपैकी फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम-समूहाकडे गेल्याचे उघड झाले. १८६५ सालचा प्रश्न तो हाच. ठेव-विम्याने प्रत्येक ठेवीदारास ५ लक्षांपर्यंत संरक्षण आहे खरे. पण ज्या वृद्धाने सेवानिवृत्तीची सारी पुंजी एका ठिकाणी ठेवली, त्याचे सांत्वन त्याने होत नाही.

आता सभासदांस आमची एक विनंती आहे. तपासनीस परका असतो, वर्षातून काही दिवस येतो. मंडळाचे सभासद किती, कार्यालय कितीदा भाड्याने गेले, शिष्यवृत्ती कोणत्या मुलामुलींस मिळाली, ही माहिती त्याच्यापेक्षा आपणास अधिक असते. म्हणून अजमास बांधण्याचे काम प्रत्येक घरी होऊ शकते. आरंभ हाती असलेल्या ह्याच स्मरणिकेपासून करावा. जाहिरातींची पाने मोजावी, मंडळाच्या दरपत्रकातील दराने गुणावे आणि उत्तर कोठेतरी टिपून ठेवावे. पुढील वर्षीच्या उत्पन्न-खर्च पत्रकात स्मरणिकेची जमा येईल, ती त्याच्याशी ताडावी. थोडी तफावत राहीलच, कारण काही जाहिरातदारांचे पैसे यावयाचे राहतात. तफावत मोठी असेल तर सभेत उभे राहून, आदराने व नावानिशी प्रश्न विचारावा. प्रामाणिक खजिनदारास अशा प्रश्नाचा राग येत नाही. आपले काम कोणी वाचले ह्याचा त्यास आनंदच होतो. आणि कार्यकारी मंडळास सूचना अशी की, सभेच्या दिवशी हिशेबाचा विषय चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावा. इत्यलम्.